कंदील पुसायची वेळ

मुलगी लग्न होऊन पूर्णेला गेली, तेव्हापासून माझं काळजी करणं वाढलं असं घरचे म्हणत. खरं तर ते आधीपासूनच होतं. मालकांना शेतातून यायला उशीर झाला की मला विहीरच डोळ्यांसमोर दिसायची. छातीत धडधड, तळहात ओले, घास गिळवायचा नाही. कुणाला सांगायची लाज वाटायची. दुखत तर कुठंच नव्हतं, मग सांगणार काय?

परभणीच्या डॉक्टरांनी तपासलं. हृदय चांगलं आहे म्हणाले आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. झोप लागायची, पण सकाळी डोकं जड व्हायचं, तव्यावर भाकरी करपायची. पुढच्या खेपेला त्यांनी गोळी अर्धी केली. "गोळी आहेच," ते म्हणाले, "पण निम्मं काम तुम्हालाच करावं लागेल, बाई."

काम म्हणजे कोणतं, हे विचारायचा धीर झाला नाही. ते सांगितलं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. दीर वारल्यापासून त्या आमच्यातच राहायच्या. गावात वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता, म्हणून रोज दिवेलागणीला मी कंदिलाची काच पुसायची.

"दिवसभर काळजी करायलीस," जाऊबाई म्हणाल्या. "तिला एक येळ लावून दे. सांजच्याला कंदील पुसतीस ना, तवा कर. पोटभर कर. काच लख्ख झाली की उठायचं."

"अन् दुपारीच आली तर?"

"तर म्हणायचं, सांजच्याला ये."

मला हसू आलं, पण करून बघितलं. पहिल्यांदा चुकलंच. दुपारी धडधड सुरू झाली की मी तेव्हाच कंदील घेऊन बसायची. एकदा मालक जेवायला आले आणि दारातच थांबले. "अगं, ऊन डोक्यावर हाय. कंदील कशाला पुसायलीस?"

मी गडबडले, हात आवळला गेला आणि काच फुटली.

आतून जाऊबाई म्हणाल्या, "काळजी कर म्हणलं, काच फोड म्हणलं न्हाई!"

नवी काच आणल्यावर मी दुपारी कंदिलाला हात लावायचं सोडलं. सांजच्याला ये, असं मनात म्हणायचं आणि हातातलं काम करायचं. धडधड लगेच थांबायची नाही. पण संध्याकाळी राख आणि फडकं घेऊन बसलं की दुपारच्या निम्म्या गोष्टी आठवायच्याच नाहीत. आठवतील त्यांची काळजी करायची, काजळी निघायची, मी उठायची.

त्यातच मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिला आणायला माहेरचं माणूस मुराळी म्हणून गेलं पाहिजे. मालक बैलगाडीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये. घरी त्यांच्याजवळ जाऊबाईंना थांबावं लागणार. आम्हाला लेक एकुलती. विहीणबाईंचा निरोप आला, "तुमचं येणं होत नसंल तर राहू द्या. आमी करू इथंच." आठवा महिना लागत होता. नंतर प्रवास नको असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी गेले नाही तर लेक माहेराला मुकणार होती, आणि मी आजवर एकटी एसटीत बसले नव्हते. त्यात ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. कधी बंद, कधी दगडफेक, गाड्या मधेच थांबायच्या.

सवय व्हावी म्हणून जाऊबाई मला घेऊन रोज एसटीनं पुढच्या गावापर्यंत जायच्या, आणि आम्ही बोलत पायी परत यायचो. मग एक दिवस त्यांनी मला एकटीलाच बसवलं. परत आले तेव्हा त्या फाट्यावर उभ्याच होत्या. "आलीस? चल, भाकरी टाकायची हाय." एवढंच बोलल्या.

पूर्णेला निघाले. परभणीला गाडी बदलली. पुढं रेल्वेचं फाटक पडलं आणि गाडी उभी राहिली. मालगाडी संपेचना. छाती धडधडायला लागली. उतरावं असं वाटून मी उठले.

"मावशी, इथंच उतरायचंय?" कंडक्टरनं विचारलं.

"न्हाई, पूर्णेला," मी म्हणाले आणि बसले. धडधड होतीच. सांजच्याला ये, असं तिला सांगितलं. फाटक उघडलं.

विहीणबाई दारातच होत्या. "या! आमाला वाटलं, आता बैलच येतो का काय मुराळी म्हणून!" मलाही हसू फुटलं. मागून लेक आली. पोटावर हात ठेवून बघतच राहिली. "माय, तू एकलीच आलीस?"

दिवेलागणीला लाईट गेली. विहीणबाईंनी कंदील काढला, काच काळीकुट्ट. मी हात पुढं केला.

"अवो, पाव्हणे काम करतेत का कुठं?"

"द्या, माझी येळच हाय ही."

काच पुसता पुसता दिवसभराचं आठवायला गेले. फाटकाची भीती गेली होती. लेकीच्या बाळंतपणाची मात्र होती. ती खरी होती, पुसून जाणारी नव्हती. काच लख्ख झाली तरी मी पुसतच होते.

"माय, झाली की आता," लेक म्हणाली.

मी उठले. सकाळच्या गाडीनं तिला घेऊन निघायचं होतं. तिचे कपडे पिशवीत भरायला घेतले.