नागोजी तांबट आणि मारुतीरावांचं गळकं इंजीन

नावेला भोक पडून पाणी आत येतं, हे जगात सगळीकडं चालतं. नावेतल्या इंजिनातूनच पाणी गळून उतारूंची धोतरं भिजावीत, आणि तेही ऊन पाण्यानं, ही चैन मात्र चिकोडीकडच्या आमच्या घाटावरच!

अडतीस सालची गोष्ट. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी मारुतीराव यांनी वेंगुर्ल्याहून एक जुनं इंजीन आणून आपल्या नावेत बसवलं. तंबाखूची बोदं, म्हणजे मोठाली गाठोडी, आणि माणसं कृष्णेपार न्यायची, हा बेत. इंजिनाशेजारी पाण्याचं पिंप होतं. त्यातलं पाणी इंजिनात फिरायचं, त्याला गार ठेवायचं आणि स्वतः तापून पितळी नळीनं परत पिंपात यायचं. त्या नळीचा वाकणावरचा सांधा गळायला लागला.

गळती म्हणजे थेंब-थेंब. पण पिंप रिकामं झालं की इंजीन तापून नदीच्या मधोमध रुसून बसायचं. तापल्या लोखंडावर गार पाणी ओतलं तर ते तडकतं, म्हणून ते निवेपर्यंत पाणी घालायचं नाही, असा मारुतीरावांचा हुकूम. तेव्हा चहूकडं कृष्णामाई आणि मधे हे तहानलेलं इंजीन, असा देखावा! तोवर नाव वाहत जाऊन भलत्याच गावाला लागायची. एक वऱ्हाड तर असं दुसऱ्याच्याच लग्नात पोटभर जेवून आलं. तक्रार मात्र कुणाची नव्हती. म्हाताऱ्या त्या ऊन पाण्याखाली गुडघे धरून बसायच्या, आणि एका न्हाव्यानं तर तिथंच दाढ्या करायला सुरुवात केली होती.

मारुतीरावांनी शेवटी नागोजी तांबटाला बोलावलं.

नागोजी म्हणजे साठीतला, बुटका, भांड्यांशी बोलणारा माणूस. घागरीला नखानं टिचकी मारायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "सांग बाई, कुठं दुखतंय?" चाळीस वर्षं गळक्या भांड्यांना कथलाचा डाग देऊन भोकं बुजवायचं काम केलं, पण त्याचा एक डाग कधी सुटला नाही. घागर चेपायची, तिचा काठ झिजायचा, घागरीची मालकीण मरून जायची, पण नागोजीचा डाग जागच्या जागी. एवढं एक नाव काय ते त्यानं जन्मात कमावलं होतं.

"नागोजी, हे इंजीन हाय. तुझं तपेलं न्हवं," मारुतीराव म्हणाले.

"पाणी धरतंय न्हवं मालक? मग माझ्या लेखी तपेलंच."

त्यानं बापाच्या वेळचा चामडी भाता आणला, नवसागर लावला, कथील ओतलं. संध्याकाळी पिंप भरून पाहिलं, तर थेंब नाही. रोजच्या रिवाजाप्रमाणं रवळू नावाड्यानं रात्रीपुरतं पिंप रिकामं केलं, सकाळी पहिल्या खेपेला भरलं, आणि सांधा गळायला लागला!

नागोजीला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यानं परत डाग दिला. दुसऱ्या सकाळी परत गळती. तिसऱ्यांदा दिला, तिसऱ्या सकाळीही तेच. घाटावरची पोरंसोरं हसायला लागली. घरी बायको अक्काताई तेवढी गप्प होती, आणि तेच नवल होतं. एरवी ती त्याला भाकरीबरोबर चार शिव्या वाढायची. चाळीस वर्षांत तिनं गोड शब्द बोललेला नागोजीला आठवत नव्हता.

चौथ्या संध्याकाळी मारुतीराव सगळ्यांदेखत म्हणाले, "वय झालं तुझं. चिकोडीच्या भरमू मिस्त्रीला सांगावा धाडतो."

नागोजीचं डोकं फिरलं. "थांबा मालक! आज शेवटचा डाग देतो. उद्या एक थेंब जरी गळला तर हा भाता कृष्णेत टाकीन आनि जल्मात परत डागाला हात लावनार न्हाय. मर्दाचा शब्द हाय!"

त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. पहाट व्हायच्या सुमाराला उठला, तर अक्काताई जागेवर नाही. गेली असेल पाण्याला, असं म्हणून तो घाटावर आला आणि तंबाखूच्या बोदांआडून नावेकडं बघत राहिला.

नावेत अक्काताई होती. ओलेत्यानं, अनवाणी, थंडीनं कुडकुडत. पुढ्यात पाच नारळ. रवळू हात जोडून उभा, पण डोळा खोबऱ्यावर.

"इंजीनबाबा," ती हुंदका गिळत म्हणाली, "पयल्या दिवशी एक दिला, मग दोन, मग तीन. तुला पुरं पडंना व्हय रं? आज पाच घे. पन माझ्या मालकाचं नाव राख. लई मानी माणूस हाय. हसं झालं तर मरंल रं त्यो."

आणि तिनं नारळ उचलला आणि दाणकन् आपटला. कुठं? तर नवऱ्यानं आदल्या संध्याकाळी डागलेल्या सांध्यावर! नेम काय होता म्हणून सांगू! देवाला नेमकी जागा कळायला नको का?

"अगं ए—" नागोजीच्या ओठावर आलं. पण चाळीस वर्षांत न बोललेली माया ती त्या लोखंडाच्या धुडाशी बोलत होती. बोदाला डोकं टेकून तो लहान पोरासारखा रडला. तोवर पाची नारळ फुटले होते.

उजाडलं. सगळा गाव घाटावर लोटला. रवळूनं पिंप भरलं आणि सांध्यातून अशी पिचकारी उडाली की मारुतीरावांचा फेटा भिजला.

"सांध्याला कुणी हात लावला हुता काय?" मारुतीराव ओरडले.

रवळू खोबरं चावत आभाळाकडं बघायला लागला. बायकांच्या घोळक्यात अक्काताई पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. एक शब्द, फक्त एक शब्द बोलला असता तर नागोजीचं चाळीस वर्षांचं नाव वाचलं असतं. आणि गाव तिला मरेपर्यंत हसलं असतं.

"कुनी न्हाय," नागोजी म्हणाला. "माझाच डाग कच्चा हुता."

त्यानं भाता नदीत फेकला. तर मेला बुडेना! पोटात वारा भरलेला, फुसफुस करत तो गावादेखत डुलत डुलत खाली निघाला. रवळूनं विचारलं, "काढू काय आण्णा?" नागोजी म्हणाला, "जाऊ दे त्याला."

दोन दिवसांनी चिकोडीचा भरमू आला. तेच कथील, तोच नवसागर. त्यानं डाग दिला तो बसला तो बसलाच. "हात असावा तर असा," लोक म्हणाले. नागोजीच्या वाट्याला भांड्यांचे पोचे काढायचं काम तेवढं उरलं. त्या कामाला भाता लागत नाही.

महिन्याभरानं तो घाटावर बसून एका हंड्याचा पोचा काढत होता. शेजारी अक्काताई. समोरून नाव फटफटत गेली, एक थेंब न गळता. अक्काताईच्या अंगाचा भडका उडाला.

"देव तरी बघा कसा मेला! तुमच्यासाठी मी चार दिवस ओलेत्यानं जाऊन नारळ फोडलं. त्या सांध्यावरच फोडलं, जागा चुकू ने म्हणून. आनि यश कुनाला? त्या भरमूला! त्याच्यासाठी कोन गेलतं वो नारळ फोडायला?"

नागोजीनं हातोडी खाली ठेवली.

"कोन बी न्हाय गं," तो म्हणाला. "त्या बिचाऱ्यासाठी फोडणारं कोन बी न्हाय."