बायउन्सराव

"बाय उन्स" म्हणजे 'आमच्याकडे'. हे दोन जर्मन शब्द तोंडातून निघाले की बायउन्सरावांचा उजवा अंगठा आपोआप खांद्यावरून मागे जायचा. तोंड कुठल्याही दिशेला असो, स्पेन कायम त्यांच्या पाठीमागे. मी एकदा मनातल्या मनात नकाशा धरून पाहिला, तर त्या अंगठ्याच्या हिशेबाने त्यांचं गाव सकाळी पोलंडमध्ये निघालं आणि दुपारी आमच्या कँटीनच्या भटारखान्यात.

तरुणपणी ते स्पेनमधल्या एका खेड्यातून मजुरीला जर्मनीत आले आणि फिरत फिरत रेगेन्सबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात लागले. गाड्यांना दरवाजे बसवायच्या लाइनवर ते होते. मी त्याच हॉलमध्ये इंजिनिअर. जत तालुक्यातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी तेव्हा कुणालाही पहिल्या भेटीतच सांगत असे. अजूनही सांगतो, त्यात लाजायचं काय? बाकीचे "अच्छा" म्हणून कॉफी प्यायला लागायचे. हे मात्र खूश झाले. म्हणाले, "बाय उन्स, असा मुलगा निघाला तर चर्चची घंटा वाजवतात." मग जरा थांबून म्हणाले, "घंटा रोमन आहे."

जर्मनमध्ये आम्ही एकमेकांना 'डू' म्हणायचो, म्हणजे अरेतुरेच. पण ते माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यामुळे मराठीत लिहिताना हात अहोजाहोकडेच वळतो. त्यांचं जर्मन स्पॅनिश चालीवर चालायचं, माझं मराठी चालीवर. बव्हेरियन लोकांना दोन्ही कळायची नाहीत. आम्हाला एकमेकांचं सगळं कळायचं.

कारखान्यात आम्ही चार-पाच मराठी पोरं होतो. 'बायउन्सराव' हे नाव आमचंच. खरं तर आम्हाला हसायचा अधिकार नव्हता. आमच्याकडे आंबा असा, आमच्याकडे लग्न असं, हे आमचंही दिवसभर चालायचंच. आपल्यातही असा एखादा असतोच की, पुण्यात तीस वर्षं राहून कोल्हापूरच्या पाण्याची चव सांगणारा.

बायउन्सरावांच्या 'आमच्याकडे'त तीन गोष्टी होत्या. घमघमणारे टोमॅटो, डोंगर कापून जाणारी नदी आणि रोमन.

त्यांची बायको हिल्डे, रेगेन्सबर्गचीच. डॅन्यूबच्या काठी जन्मली, कथीड्रलच्या मागे एका गायनमंडळात गायची. हे रोमनांवर आले की ती विणकाम खाली न ठेवता म्हणायची, "टोमॅटो उन्हाळ्यात असतात. हिवाळ्यात मी काय खाऊ, रोमन?"

हा प्रश्न गमतीचा नव्हता. येत्या डिसेंबरात बायउन्सरावांची पेन्शन सुरू होणार होती. गावाकडचं वडिलांचं घर त्यांनी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडं थोडं करत उभं केलं होतं. पेन्शन मिळाली की तिकडे जायचं, हे लग्नाआधीपासून ठरलेलं. ठरलं नव्हतं ते एवढंच, की हिल्डे येणार की नाही. ती हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. आणि तिला सोडून जायचं त्यांच्या स्वप्नातही येत नव्हतं.

त्या वर्षी ऑगस्टात कारखाना सुट्टीसाठी बंद व्हायच्या सुमारास त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तू आणि तुझी बायको, दोघं चला गावाला. तू शिकलेला आहेस. हिल्डेला नीट सांग, रोमन काय लोक होते ते. माझं ती ऐकत नाही."

मला असं कुणी 'शिकलेला' म्हटलं की संपलंच. लायब्ररीतून रोमनांवरचं जाडजूड पुस्तक आणून मी ते झोपेपर्यंत वाचत बसायचो. बायको म्हणाली, "एवढा अभ्यास बारावीला केला असतात तर आज मुख्यमंत्री असता."

त्यांच्या गाडीने फ्रान्समधून गेलो. डिकीत आमचा थालीपिठांचा डबा होता आणि त्यांचा काळा जर्मन ब्रेड, मोहरीची बाटली, बटाट्याच्या गोळ्यांचं तयार पीठ. "हिल्डेसाठी," बायउन्सराव म्हणाले. वाटेत तो ब्रेड बहुतेक त्यांनीच संपवला. हिल्डेने थालीपीठ खाल्लं.

गावात शिरलो तर बारच्या दारातले म्हातारे ओरडले, "अलेमान आला!" अलेमान म्हणजे जर्मन. रेगेन्सबर्गात त्यांना सगळे स्पॅनिश म्हणायचे. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं आणि सामान उतरवायला लागले.

दुसऱ्या दिवशी दर्शन सुरू झालं. चर्चची पायरी, रोमन. गुरांची पाण्याची डोणी, रोमन. आत्याच्या घराचा ओटा, रोमन. ओट्यावर बसलेली आत्याही त्याच काळातली वाटत होती, पण तेवढं त्यांनी म्हटलं नाही. ओढ्यावरच्या पुलापाशी पाटी होती. पाटी वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही. बरोबर आणलेल्या स्पॅनिश डिक्शनरीत एकेक शब्द शोधून मी म्हटलं, "हा पूल तुमच्या पणजोबांच्या वेळचा आहे."

"पाटी लावणारा शेजारच्या गावचा आहे," बायउन्सराव म्हणाले.

खरे रोमन अवशेष गावाबाहेर, कापलेल्या गव्हाच्या रानात होते. एक अर्धी कमान, हमामखान्याची फुटकी फरशी, थोडी जोती, आणि त्यांवरून उड्या मारणाऱ्या शेळ्या. बायको माझ्या कानात म्हणाली, "आमच्याकडे एवढ्या भांडवलावर जत्रा भरली असती." मी घसा साफ केला. रोमन लोक पाणी कसं खेळवायचे, इथपासून सुरुवात करणार, तोच हिल्डे म्हणाली, "ऊन फार आहे," आणि छत्री उघडून निघाली. माझं भाषण घशातच राहिलं.

उरली नदी. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घळीत उतरलो. हे मात्र बायउन्सरावांनी कमीच सांगितलं होतं. दोन्ही बाजूंना लाल कडे, मध्ये हिरवं पाणी, कड्याला ठोकलेल्या फळ्यांवरून वाट. धरायला लोखंडी साखळी. वर गिधाडं घिरट्या घालत होती.

"कशी आहे?" बायउन्सरावांनी हिल्डेला विचारलं.

"डॅन्यूबलाही अशी घळ आहे. शेवटी मठ आहे आणि मठात बिअर मिळते. इथे शेवटी काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गिधाडांकडे पाहिलं.

पुढे वाट फुटली. एका दगडावर कधीकाळी रंगवलेला बाण होता, पावसाने धुऊन गेलेला. बायउन्सराव ठामपणे डावीकडे वळले. लहानपणी शेळ्या घेऊन ते इथूनच जायचे म्हणे. बऱ्याच वेळाने काट्यांचं एक रान लागलं आणि वाट संपली. ओरखडे मोजत आम्ही पुन्हा फाट्यावर आलो. बायउन्सराव घामाने भिजले होते आणि मनातून चिडले होते. रुमालाने मान पुसत ते म्हणाले, "छे. असं कुठे असतं का? बाय उन्स इथे पिवळी पाटी असती. किती वेळ लागेल तेसुद्धा लिहिलेलं असतं."

आणि त्यांचा अंगठा खांद्यावरून मागे गेला.

मागे कडा होता. कड्यापलीकडे ईशान्येला डोंगर, फ्रान्स आणि मग जर्मनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या अंगठ्याची दिशा बरोबर आली होती.

हिल्डे थांबली. "काय म्हणालास?"

"पाटी. पाटी हवी होती."

"त्याच्या आधी."

"आधी काही नाही."

ती दगडावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझ्या बायकोने तिला पाण्याची बाटली दिली, तेव्हा ती त्यांच्याशी न बोलता बायकोशी बोलली. "लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. तुमच्याकडे पाऊस, तुमच्याकडे बटाटे, तुमच्याकडे रविवारी सगळं बंद. मुलं झाली, नातवंडं झाली, तरी माझं गाव ह्याच्या तोंडात 'तुमच्याकडे'च. आज पहिल्यांदा आमच्याकडे म्हणाला. तेही स्वतःच्या गावात उभा राहून."

मग तोंड पुसून ती उठली. "बरं. येते मी."

"कुठे?" बायउन्सराव म्हणाले.

"इथे. डिसेंबरानंतर. पण घरात हीटिंग बसवायचं. आणि नाताळला रेगेन्सबर्ग."

बायउन्सरावांनी धरलेली साखळी सोडली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पाहिलंस? रोमन."

मी अख्खं पुस्तक वाचून आलो होतो आणि एक वाक्य बोललो नव्हतो. पण शिकलेल्या माणसाला कधी गप्प बसावं हेही कळलं पाहिजे. मी म्हटलं, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

परत आल्यावर एका संध्याकाळी मी त्यांना कथीड्रलच्या मागच्या गल्लीत गाठलं. हिल्डेचं गाणं संपायची वाट बघत ते उभे होते. त्यांची सायकल एका काळपट भिंतीला टेकलेली, भले मोठे दगड, त्यांत एक कमान. पुस्तकाचा काही तरी उपयोग व्हायला हवा होता.

"हे रोमन आहे," मी म्हटलं. "त्यांच्या छावणीचं दार."

"हे? हट."

मी पाटी वाचून दाखवली. ते म्हणाले, "पाटी लावणारा..." आणि थांबले. आता शेजारचं गाव कुठून आणणार? त्यांनी सायकल भिंतीपासून काढली, हँडल घासलेल्या जागी हात फिरवला, कमानीत डोकावले. "दार कुठंय?"

"दार गेलं. चौकट राहिली."

हिल्डे बाहेर आली. ते तिला म्हणाले, "तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. तुला तुझेच रोमन पुरत होते."

जानेवारीत ते दोघं स्पेनला राहायला गेले. त्यांच्या जागी आलेला पोरगा हुशार होता, दरवाजे छान बसवायचा, पण दिवसभर एक शब्द बोलायचा नाही. हॉलमध्ये आपण नेमके कुठे आहोत हे सांगायला कुणी उरलं नाही. आम्ही मराठी पोरं कॉफीला जमलो की कुणी तरी उगाच खांद्यावरून अंगठा मागे करायचा आणि सगळे हसायचे.

मग एका रविवारी फोन आला. मागे बारचा गलका.

"अरे, इथे कुणी विश्वास ठेवत नाही. तू सांग यांना."

"काय सांगू?"

"की बाय उन्स खरं रोमन दार आहे. हे एवढाले दगड. मी त्याला सायकल टेकवायचो."

त्यांनी रिसीव्हर कुणाच्या तरी हातात दिला. पलीकडून कुणी म्हातारा स्पॅनिशमध्ये काही तरी विचारत होता. मला ती भाषा येत नाही. डिक्शनरीतला 'हो' आठवून मी मोठ्याने म्हटलं, "सी, सी. रोमानो."

तिकडे हशा झाला आणि त्यात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. फोनवर दिसत नव्हतं, पण अंगठा कुठे गेला असेल ते आता तुम्हालाही सांगायला नको.