आधी घास, मग गोळी

“आधी दोन घास, मग गोळी,” असं म्हणून अक्का गोळ्यांची पुडी मुठीत घट्ट धरायच्या. समोरची बाई पोट धरून कळवळत असली तरी मूठ उघडायची नाही. भाकरीचा तुकडा गिळलेला डोळ्यांनी पाहिला, की मग एक गोळी आणि वर तांब्याभर पाणी.

हुमनाबादेत त्या आमच्या समोरच राहायच्या. भाऊ गुलबर्ग्याला कंपाउंडर. गोळ्याही त्याच्याकडच्या आणि त्यांचे नियमही. पाळीत पोट दुखलं की गल्लीतल्या बाया त्यांच्या दारात. “पोटात जळजळ हाय का? दिवस तर गेले न्हाईत?” हे विचारल्याशिवाय गोळी नाही. कुणी लगेच दुसरी मागितली की म्हणायच्या, “पहिलीला पोटात उतरू तर दे की बाई!” अंगावरून फार जायला लागलं तर सरळ डाकदरीणबाईकडे धाडायच्या.

गल्लीला त्यांचं कोण कौतुक! मला मात्र त्या डोळ्यांसमोर नको व्हायच्या. खरं सांगते, जळायचे मी. माझी कमळ, मॅट्रिकला बसलेली माझ्या पोटची पोर, दुखायला लागलं की मला सांगायची नाही, अक्कांना सांगायची.

बरं, सांगायच्या आधीच त्यांना कळायचं. कमळ तणतण करायला लागली, वेणी घालताना उगीच रडली, की मी ओरडायचे. अक्का दारातूनच म्हणायच्या, “वैनी, कामून वरडायलात तिच्यावर? दिवस जवळ आलेत तिचे. लोणचं-पापड कमी द्या, झोपू द्या. याला गोळी लागत न्हाई.” आणि तसंच निघायचं. सांगा, आईला कसं वाटेल?

आमच्यात बाजूला बसायची रीत. कमळ मागच्या सोप्यात घोंगडीवर; तिला शिवायचं नाही, ताट लांबून सरकवायचं, तेही घरातले पुरुष जेवल्यावर. अक्का लिंगायत, त्यांच्यात विटाळ नाही. परसदारातून यायच्या आणि खुशाल तिच्या पाठीवर हात फिरवत बसायच्या. लेक माझी, आणि मी लांबून बघायची.

एकदा म्हटलं, जायचंच कशाला समोर? मोटारस्टँडजवळच्या दुकानातून तसल्याच गोळ्या आणवल्या. सकाळीच एक वरून तिच्या ओंजळीत टाकली. कळ थांबेना, म्हणून आणखी एक. ताट जायला अजून अवकाश होता. पोरीच्या पोटात आग पडली. ओकून ओकून पांढरीफटक झाली. सासूबाई म्हणाल्या, “अक्काला बोलवा गं कुणी.” म्हणजे तिथंही अक्काच!

“पोटात काय होतं तिच्या?” अक्कांनी विचारलं.

“काय असणार? ताट कुठं गेलंय अजून?” मी म्हटलं.

त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. कमळला घोट घोट पाणी पाजलं. “आज पुन्हा गोळीचं नाव न्हाई. ओकारीत रक्त दिसलं तर तडक दवाखाना,” म्हणाल्या. मग सासूबाईंकडे वळल्या, “मावशी, या दिवसांत लेकराला भाकर पहिली देत जावा.”

“व्हय गं बाई, देऊ की,” सासूबाई म्हणाल्या. घ्या! इतकी वर्षं मी याच भाकरीसाठी तोंड वाजवत होते, आणि हिच्या एका बोलण्यावर रीत मोडली.

त्या उन्हाळ्यात अक्का माहेरी दुबलगुंडीला गेल्या, तापानं पडल्या आणि तिथंच गेल्या. सगळी गल्ली रडली. मीही रडले, पण आत कुठंतरी वाटलं, आता तरी कमळ माझी. काय बाई हे मन!

पुढची पाळी आली. दुपारी कमळ सोप्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. खाऊन गोळी घेतलेली, तरी मधेच कण्हत होती. सासूबाई दारातच बसलेल्या. बघतील तर बघू देत, म्हटलं. घोंगडीवर जाऊन बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवसांत तिच्या पाठीला आजवर एकाच बाईचा हात लागलेला.

तिचं अंग सैल पडलं. झोपेतच पुटपुटली, “अक्का, आलात का?”

हात झटकन काढून घ्यावासा वाटला. नाही काढला.

“व्हय,” मी म्हटलं.