न फोडलेली पुडी

पिंगळीचे आप्पा चालताना मागे वळून बघत नसत. पाठीमागून कुणी हाक मारली तर जागच्या जागी थांबायचे, हाक मारणारा समोर येईपर्यंत. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, पायात जाड तळाच्या चपला. रोज सकाळी पूजा आटोपली की किराणा दुकान उघडण्याआधी ते स्टेशनापर्यंत जाऊन यायचे. मी गावात शिक्षक म्हणून आलो तेव्हा मला हा माणूस गर्विष्ठ वाटला होता. त्यांच्या मागे वीस पावलांवरून चालायची वेळ माझ्यावर येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मी त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. दुकानाच्या दारात गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकत आणि दिवसाकाठी त्यातल्या आठ-दहा माझ्या गालात जात. फळ्याकडे तोंड करून चघळायचं आणि वळून मुलांना स्वच्छतेचा धडा शिकवायचा, असा माझा खाक्या. मग परभणीच्या एका डॉक्टरांनी मला तोंड उघडायला लावलं. उभी तीन बोटं जायला हवीत, माझी दोनच गेली. "आज बंद केलं तर कदाचित इथंच थांबेल. नाहीतर पुढे घास जाणार नाही, आणि त्याच्या पुढचं मी आज बोलत नाही," ते म्हणाले. घाबरून घामाघूम झालो. पॅसेंजरमधून उतरलो, थेट आप्पांच्या दुकानात गेलो आणि जिवाला जरा बरं वाटावं म्हणून पुडीच मागितली! असा मी अकलेचा कांदा.

डॉक्टरांचं बोलणं मी आप्पांना हसत हसत सांगितलं. आप्पा हसले नाहीत. माळेतली एक पुडी तोडून त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या खिशात घातली.

"उद्या सकाळी माझ्या मागं निघा. ही खिशात ऱ्हाऊ द्या. पुलापर्यंत फोडायची न्हाई. पुलाच्या पुढं तुमची मर्जी."

"आणि फोडली तर? तुम्हाला कळणार कसं?"

"मी कशाला बघू? बघितलं की त्यो पहारा झाला. पहारा उठला की चोरी होती, गुरुजी."

नाल्यावरचा तो पूल म्हणजे काही लंकेचा सेतू नव्हे, दहा मिनिटांची वाट. पण पहिल्या दिवशी माझा जबडा दुखायला लागला. पुडीचा कोपरा मांडीला टोचत होता आणि हात आपोआप खिशाकडे जात होता. पूल जमला तसं आप्पांनी स्टेशन सांगितलं, मग तिथून माघारी दुकानापर्यंत, मग दुकानापासून शाळेपर्यंत. मी एकदा जोशात म्हणालो, शपथच घेतो. ते चिडले. "शपथ फजूल हाय. मोडली की माणूस दहा दिवस सवताशीच रुसून बसतंय. त्या बाभळीपर्यंत चला म्हणलं तर कोन बी चालतंय."

तिसऱ्या आठवड्यात शाळेची तपासणी होती. रात्रभर डोळा लागला नव्हता, दप्तर अर्धवट होतं. पुलावर आलो आणि मी पुडी फोडली. प्लॅस्टिक फाटल्याचा आवाज त्या शांततेत केवढा मोठा झाला! पुढे आप्पांची पावलं थांबली. मी तोबरा भरून उभा, ते पाठमोरे उभे. क्षणभरानं ते तसेच पुढे निघाले.

स्टेशनच्या बाकावर त्यांनी विचारलं, "कुठवर आलाव?"

खोटं बोलायला तोंड रिकामं नव्हतं. मी थुंकून आलो आणि म्हणालो, "पुलापर्यंत."

"मंग उद्या पुलापासनंच सुरू."

त्या शांतपणानं माझं डोकं फिरलं. "आप्पा, हे शहाणपण कुणाला शिकवता? इतकी वर्षं मला पुड्या विकल्या कुणी? तुम्हीच ना?"

मी तावातावानं माघारी निघालो. या खेपेला ते मागे होते, आणि वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

मधल्या सुट्टीत मला राहवलं नाही. दुकानासमोर चार-पाच जण भांडत उभे होते. दारातल्या माळा गायब. आप्पांनी त्या पोत्यात भरून गल्ल्याखाली सरकवल्या होत्या. थोरला मुलगा हातघाईवर आला होता. "आप्पा, पुडीला आलेलं गिऱ्हाईकच साखर-चहा बी नेतंय. उद्या माशा मारत बसायचं का?"

आप्पांनी पोतं पायानं आणखी आत ढकललं. "दुपारपर्यंत इकायचं न्हाई, एवढंच ठरवलंय. जरा सबर कर." मला बघून ते हळूच म्हणाले, "गुरुजी, लय अवघड हाय हो." आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. दुपार टळली तेव्हा ते म्हणाले, आता सांजपर्यंत.

माळा पुन्हा लटकल्या नाहीत. पोतं मात्र तिथंच. जाळून टाका म्हटलं तर म्हणायचे, "जाळल्यावर काय सोडलं त्येच कळंना." मी पुलापासून पुन्हा सुरुवात केली. माझं तोंड अडीच बोटांवर थांबलं आहे. डॉक्टर म्हणतात, एवढं पुष्कळ झालं.

गेल्या वर्षी आप्पा गेले. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवूनच नेलं. खड्ड्याचं काम चाललं होतं, माणसं झाडाखाली टेकली होती. अशा वेळी फिरते तशी तंबाखूची डबी फिरत माझ्यापर्यंत आली. मी हात पुढे केला. खरं सांगतो, मन नको म्हणत नव्हतं. पोरका झालो होतो मी. पण म्हटलं, आधी मातीपर्यंत जाऊन येऊ, मग बघू. डबी शेजाऱ्याकडे सरकवली. पंधरा-वीस पावलं होती. आप्पांच्या खांद्यावर मूठभर माती टाकली. मग म्हटलं, रस्त्यापर्यंत. रस्त्यावरून शाळेपर्यंत, शाळेपासून घरापर्यंत. बायकोनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच मला रडू कोसळलं.