काळ्या स्क्रीनवरचा गेरू

आधीच सांगते, मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की "पुरावा दाखव" म्हणणारीही मीच. इथले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते. आज स्वतःचा लिहायला बसलेय... तर पुरावा जेवढा आहे तेवढा देते. उलगडा तुम्ही करा.

आम्ही अंबड तालुक्यातले, अंकुशनगरच्या जवळचे. आबांपर्यंत — म्हणजे माझ्या आजोबांपर्यंत — घरात मेंढरं होती. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आता मजुरी करतात. मी शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगची साउंड-लाइटची कामं घेते. लॅपटॉपवर शो कंट्रोलचं सॉफ्टवेअर असतं. गाणी, लाइट, सगळं क्रमाने लावून ठेवायचं आणि वेळ आली की बटण दाबायचं.

मागच्या हिवाळ्यात परतूरच्या एका शाळेचं गॅदरिंग मिळालं. दुपारी तीनला, मंगल कार्यालयात. मी एकटीने घेतलेलं पहिलंच काम. मुख्याध्यापक दोनदा म्हणाले होते, "ताई, तुम्हाला एकटीला जमेल ना? की सोबत कुणी सर येणारेत?" त्यामुळे एकही चूक होऊ द्यायची नाही असं मी ठरवलं होतं.

नेमका त्याच सकाळी पडदा ओढणाऱ्याचा फोन बंद. मी अण्णांना बोलावून घेतलं.

आता अडचण अशी की मी बसणार हॉलच्या पार मागे, अण्णा स्टेजच्या विंगेत. स्पीकरच्या आवाजात फोन ऐकू येत नाही आणि अण्णांना वाचता येत नाही. मग मी टॅब्लेट लॅपटॉपला वायफायवर दुसरी स्क्रीन म्हणून जोडला आणि तो अण्णांच्या हातात दिला. त्यावर अक्षर नाही, फक्त स्क्रीनभर रंग. हिरवा आला की पडदा उघडायचा, लाल आला की बंद करायचा, निळा आला की पोरांना स्टेजवर सोडायचं.

"जमंल का अण्णा?"

"दोनशे मेंढरं खुणंवर वळखली माय. हे तर तीनच रंग हायेत."

कार्यक्रम सुरू झाला. मध्येच एक मॅडम पळत आल्या, "ताई, आमच्या कृष्णाला उलट्या होऊन राह्यल्या, त्याचा नंबर शेवटी टाका." मी यादी वरखाली केली. अण्णांना सांगायला गेले नाही, रंग दिसतीलच म्हटलं. पडदा बराबर उघडत होता, बराबर बंद होत होता. टॅब अजून जोडलेला आहे का, हे लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघायची मला गरजच वाटली नाही.

मग दुसरीतल्या आठ मुलींचा नाच आला. पडदा उघडला, स्टेज रिकामं. मी निळा दिला, गाणं सुरू केलं. मुली येईनात. दहा सेकंद... पंधरा... मागून शिट्ट्या. मुख्याध्यापक मान वळवून माझ्याकडे बघायला लागले. मी पुन्हा निळा दाबला. काही नाही. खरं सांगते, त्या वेळी मला अण्णांचा राग आला. वाटलं, आपणच चुकलो, बापाला या कामात ओढायला नको होतं.

मी उठून स्टेजकडे निघालेच होते, तेवढ्यात मागच्या पडद्याची लोखंडी नळी एका बाजूने सुटली आणि स्टेजच्या मधोमध आदळली. मुली नाचणार होत्या तिथेच.

त्या नळीची दोरी मी स्वतः बघितली होती. गाठ पक्की आहे असं मीच सांगितलं होतं.

विंगेत पोचले तर अण्णा दोन्ही हात पसरून उभे, आठही मुली त्यांच्या मागे. मेंढरं अडवतात तसे.

"पोरी का नाही सोडल्या, अण्णा?"

"तूच गेरू दावलास की."

"गेरू?"

"आडवा पट्टा. मंग कसं सोडू?"

हे जरा सांगावं लागेल. आबा सकाळी कळप बाहेर काढताना, जी मेंढी आजारी किंवा व्यायला आलेली असेल तिच्या पाठीवर गेरूचा आडवा पट्टा ओढायचे. पट्टा दिसला की तिला आज सोडायचं नाही. आमच्या घरची खूण. माझ्या यादीत तो रंगच नव्हता.

अण्णांनी टॅब पुढे केला. स्क्रीन काळी. बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक होती. लॅपटॉपवर बघितलं तर दुसरी स्क्रीन तीन बावीसलाच तुटल्याची नोंद, आणि नळी पडली पाचच्या सुमारास. हॉलभर मोबाइल, वायफाय तुटलं यात नवल नाही. पण त्यानंतर अण्णांनी नऊ आयटम चालवले, बदललेल्या क्रमाने, एकदाही न चुकता.

मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. गाणं संपलं की पडदा ओढायचा हे कुणालाही कळेल. नळी कुरकुरली असेल, अण्णांचे कान चांगले आहेत. विचारलं त्यांना. "न्हाई माय, तुझं गाणंच केवढं वाजून राह्यलं होतं." घरी दहा वेळा वायफाय तोडून बघितलं. दहाही वेळा स्क्रीन काळी, रंग टिकत नाही. आणि त्या आठांतली सगळ्यात पुढची मुलगी, तिने तर मी न विचारता सांगितलं, "मॅडम, ते आजोबा बंद टॅबकडेच बघत होते. मी म्हटलं पण, आजोबा चालू करा ना."

नळी बाजूला काढून, दुसऱ्या दोऱ्या तपासून अर्ध्या तासाने कार्यक्रम पुढे सुरू केला. मुली नाचल्या. गाठ मीच तपासली होती हे मी मुख्याध्यापकांना स्वतःहून सांगितलं. शिकलेल्या माणसाने एवढं तरी करावं.

बाकीचं मला अजून कळलेलं नाही. आठ दिवसांनी अण्णा जेवायला बसले होते तेव्हा मी त्यांना सरळ सांगून टाकलं, स्क्रीन बंद होती आणि पट्टा मी दाखवलाच नव्हता. भाकरी कुस्करता कुस्करता त्यांचा हात थांबला.

"तू न्हाई दावलास?"

"न्हाई."

त्यांनी तांब्यातलं दोन घोट पाणी घेतलं. मग म्हणाले, "बरं झालं, तवा तुला इचारायला आलो न्हाई."