हळदकुंकू लागलेले तिकीट

११ ऑक्टोबर १९६९. रक्कम एक रुपया. हजर तिघे: मी, माझी विधवा वहिनी आणि शेजारचा म्हातारा तांडेल, ज्याची हयात मालवाहू गलबतावर गेली. राज्याच्या लॉटरीचे एक तिकीट सामाईकीत घ्यायचे ठरले. वहिनीचे आठ आणे, आम्हा दोघांचे चार-चार आणे. काही लागले तर वाटणीही त्याच हिशेबाने.

वहिनीला पैसे विहिरीसाठी हवे होते. तिच्या परड्यातली विहीर खाडीला लागून. शिमगा उलटला की पाणी खारट होई आणि मग टेकडीखालच्या विहिरीवरून कळशा वाहणे आलेच. परड्याच्या वरच्या कोपऱ्यात गोडे पाणी लागेल असे पाणाड्याने सांगितले होते. खर्च चारशेच्या घरात.

आम्ही मालवणच्या बाजारात गेलो. एस.टी. स्टँडवर एकजण तिकिटे पंख्यासारखी धरून ओरडत होता. त्याला मी टाळले. आज इथे उभा असलेला माणूस उद्या कुठे शोधायचा? अधिकृत विक्रेत्याची पाटी असलेल्या दुकानातच शिरलो. आकडा कुठे खोडलेला नाही ना, सोडतीची तारीख उलटलेली नाही ना, छपाई पुसट नाही ना, सगळे उजेडात धरून पाहिले. मागे दुकानाचा शिक्का मारून घेतला.

तांडेल वैतागला. "तिकीट घेतंस काय पोरगी बघतंस रे? आता चलवन बघ, लंगडता काय ती!"

दुकानदारही हसला. वहिनी मात्र म्हणाली, "बघूंदेत. भावजींनी बघितला म्हणजे माका घोर नाय."

तिचा वाटा मोठा म्हणून तिकीट तिच्याकडे राहिले. तिने ते पदरात बांधले. मी मनातल्या मनात आकडा दोनदा घोकला आणि माझ्या मते काम संपले.

सोडतीचा निकाल वर्तमानपत्रात आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आमच्या आकड्याला एक हजार रुपये होते. म्हणजे वहिनीचे पाचशे. मी चपला न घालताच तिच्याकडे गेलो. तांडेल कुंपणावरूनच आला. वहिनीने देवघरातला डबा आणला आणि तिकीट माझ्या हातात दिले.

खंडेनवमीला तिने कोयता, विळी आणि पाटावरवंट्याबरोबर तिकीटही पूजेला मांडले होते. आकडा वरच्या बाजूला, म्हणजे तिच्या लेखी ते कपाळ. तिथेच तिने ओल्या बोटाने हळदकुंकू लावले, वर ओल्या अक्षता वाहिल्या. शाई फुटून शेवटचे तीन आकडे त्या डागात गेले होते.

"देवाक दाखवल्याबगर नवी वस्तू घरात कशी ठेवूची?" ती म्हणाली. आमच्याकडे कोणीच ठेवत नाही. माझ्या हिशेबाच्या वहीचे पहिले पान दर वर्षी मी हळदकुंकवासाठीच कोरे सोडतो. तिकिटाला कोरे पान नसते, हे मला तेव्हा सुचायला हवे होते. घ्यावे कसे हे मी सगळे पाहिले. ठेवावे कसे याबद्दल एक शब्द बोललो नाही.

दुकानदार म्हणाला, "आकडा वाचता येत नाही. मला पैसे देता येणार नाहीत. मुंबईला पाठवून बघा." रजिस्टर पोस्टाने पाठवले. उत्तर दोन ओळींचे आले: तिकीट खराब असल्याने मागणी मान्य करता येत नाही.

त्या संध्याकाळी वहिनी माझ्या ओटीवर आली. तांडेल तिथेच बसला होता. तिने दोघांच्या पुढ्यात पंचवीस-पंचवीस पैशांची नाणी ठेवली.

तांडेल म्हणाला, "माका नको गो. देवाच्या पेटयेत टाक."

"देवान आपलो वाटो आधीच घेतल्यान," ती म्हणाली. "तुमचो तुमी घेवा."

त्यावर तांडेलाने नाणे उचलून कनवटीला लावले. मीही माझे घेतले. नाही म्हटले असते तर तिला आणखी लागले असते असे तेव्हा वाटले. आज तसे खात्रीने म्हणवत नाही. पुढच्या शिमग्यानंतर ती पुन्हा कळशी घेऊन टेकडीखाली जाताना दिसू लागली. नवी विहीर काही झाली नाही.

हजार रुपयांपैकी कोणाला काही मिळाले नाही. प्रत्यक्ष दिले गेले ते पन्नास पैसे: पंचवीस तांडेलाला, पंचवीस मला. देणारी वहिनी.