मुंगसाचा गेटपास

आमच्या तळमजल्यावरच्या काकांइतका प्रामाणिक आणि तितकंच डोकं उठवणारा माणूस अख्ख्या विक्रोळीत दुसरा सापडणार नाही. एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी उभा जन्म गेटपास तपासण्यात घालवला. कागदाशिवाय एक खिळाही बाहेर जाऊ दिला नाही, असं ते सांगत, आणि ते खरंच असणार, कारण निवृत्तीनंतरही कोऱ्या पासांचं पॅड त्यांच्या खिशात असायचंच. शेजारी वाटीभर साखर गेली तरी सोबत पास जायचा: माल काय, नग किती, रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल, खाली तपासणाऱ्याची सही. मुलीच्या पाठवणीला सगळे रडत होते, तेव्हा यांनी जावयाच्या हातात पास ठेवला. रिटर्नेबल, दिवाळीला. जावई तो अजून पाकिटात बाळगतो म्हणे.

खाडीकडून एक मुंगूस रोज संध्याकाळी सोसायटीच्या भिंतीवर फिरायला यायचं. मुलं 'मॉन्गूस, मॉन्गूस' म्हणून ओरडली की काका गेटजवळच्या बाकावरून उठायचे आणि सांगायचे, की हा शब्द इंग्रजांनी आपल्या मुंगसावरून उचलला, तोही गेटपासशिवाय. दूधवाला, कुरिअरवाला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस, कुणाचीच सुटका नव्हती. पण दुसऱ्याचा माल ते कधी आपल्या नावावर लावत नसत. घुशीला बँडिकूट म्हणतात, ते कुठलं, असं मी एकदा मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, "ते तेलुगू लोकांच्या स्टोअरमधलं. आपला काय संबंध?"

मी मुलुंडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. म्हणून एके दिवशी त्यांनी माझ्या हातात रीतसर पास ठेवला. माल: मुंगूस. नग: एक. नेणार: इंग्रज. सहीची जागा रिकामी. "सर, तुमच्या मोठ्या डिक्शनरीत बघा आणि मगच सही करा," ते म्हणाले. "चुकलो असेन तर फाडून टाका."

चार दिवस मी टाळलं. सोसायटीत मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम होता, त्या दुपारी अखेर बघितलं. मराठीतून आलेला शब्द, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. संध्याकाळी सांगू म्हणून पास डिक्शनरीतच ठेवला.

संध्याकाळी प्रमुख पाहुणे होते आमचे प्राचार्य, मीच बोलावलेले. मराठीच्या थोरवीवर ते इंग्रजीत बोलले. नंतर काका उठले आणि त्यांनी मुंगसाचं सांगितलं. प्राचार्य हसले. उद्या म्हणाल लंडनही आपलंच, म्हणाले. मग सगळेच हसले. काका शांतपणे म्हणाले, "सरांना विचारा. कागद त्यांच्याकडे दिलाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. विभागप्रमुख कोणाला करायचं, हे त्याच महिन्यात प्राचार्य ठरवणार होते. मी म्हणालो, "नक्की सांगता येणार नाही." एवढंच नाही, मीही थोडा हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी जिन्यात होतो, तर काका वॉचमनला सांगत होते, की सरांना बघायला वेळ मिळाला नसेल, कॉलेजचं काम काय कमी असतं? त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर मुलं ओरडली तरी ते बाकावरून उठले नाहीत. मी मागच्या गेटने ये-जा करू लागलो. विभागप्रमुखही झालो. गेल्या वर्षी ते मुलीकडे नाशिकला गेले. त्यांचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी पडद्याआडून बघत राहिलो, खाली उतरलो नाही.

या आठवड्यात डिक्शनरीतून तो पास खाली पडला. मी सही केली, फोटो काढून त्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, की त्या दिवशी मी बघितलं होतं, तुमचं बरोबर होतं, मी घाबरलो, माफ करा.

तासाभराने उत्तर आलं: "सर, तारीख टाकायची राहिली."

तेव्हापासून पेन घेऊन बसलोय. त्या दिवशीची तारीख टाकावीशी फार वाटते. पण काकांच्या गेटवर मागची तारीख कधीच चालत नसे.